उज्ज्वला, तुझा चोर मी पुसला नाही

उज्ज्वला, आपला वाद मी जिंकावा अशी सगळी सोय झाली होती. तू जाऊन महिना व्हायच्या आत प्रिन्सिपल मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की गणित विभागाची प्रमुख म्हणून एका गोष्टीला माझी संमती हवी आहे. तुझे जे तास रेकॉर्ड करून ठेवले आहेत, त्यांतल्या चुका काढून टाकायच्या. इतकी वर्षं मी तुला गाडीत, स्टाफरूममध्ये, करक चहाचे पेले हातात धरून जे सांगत आले, तेच आता शाळा म्हणत होती. मला फक्त हो म्हणायचं होतं, आणि उलट उत्तर द्यायला तू नव्हतीस.

असला आयता विजय घेऊन मी काय करू? भांडायचं तर तू समोर पाहिजेस. स्टिअरिंगवरचा हात काढून हवेत नाचवणारी, "काय गो शुभदा, सकाळी सकाळी काय ही कटकट" म्हणणारी, पुढच्या गाडीला काचेआडून "यल्ला, यल्ला" करणारी. दोह्यातल्या अल नस्रहून अल दुहैलपर्यंतच्या रस्त्यावर आपण जेवढं भांडलो, तेवढं मी माझ्या नवऱ्याशी साऱ्या संसारात भांडले नसेन. आता मी शाळेच्या बसने जाते. पोरं कानात इयरबड घालून बसलेली असतात आणि मी खिडकीबाहेर बघत तोंडातल्या तोंडात तुझ्याशी बोलत असते.

तुझा चोर मी या दिवसांत इतक्या लोकांना समजावून सांगितला आहे की तुलाही एकदा सांगते, कुठे चुकले तर पकड. दर तासाला फळ्यावर एक पायरी तू मुद्दाम चुकीची लिहायचीस. फक्त एक. अधिकच्या जागी उणे, नाहीतर कंस सोडवताना गाळलेलं एखादं पद. मग मार्करचं टोपण लावायचीस, वर्गाकडे वळायचीस आणि विचारायचीस, "चला मेल्यांनो, आज चोर कुठाय?" वर्गात केरळची, तमिळनाडूची, हैदराबादची, लखनौची पोरं. तुझं 'मेल्यांनो' कुणालाच कळत नव्हतं, 'चोर' मात्र सगळ्यांना कळायचा. चोर दिसला की जागेवरून ओरडायचं नाही, उठून फळ्यापाशी यायचं, चूक पुसायची नाही, तिच्या शेजारी बरोबर काय ते लिहायचं आणि का ते सांगायचं, असा तुझा नियम. त्यातला ओरडायचं नाही हा भाग कुणी कधी पाळला नाही. मी शेजारच्या वर्गात शिकवत असले की भिंतीपलीकडून "चोर, मिस, चोर!" असा गलका यायचा, आणि माझी गुणी पोरं हेव्याने भिंतीकडे बघायची.

एखाद्या दिवशी चोर कुणालाच सापडायचा नाही. मग तो तसाच फळ्यावर ठेवून तू निघून जायचीस. पुढच्या तासाला केमिस्ट्री शिकवायला येणारे थॉमस सर स्टाफरूममध्ये तक्रार करायचे, की या बाईंची चूक रोज मीच का पुसायची. तू त्यांना गंभीर चेहऱ्याने सांगितलंस, "सर, पकडलीत ना? मग शेजारी कारण लिहायचं राहिलं तुमचं." काही दिवसांनी सर खरोखर कारण लिहायला लागले. पोरांना त्याचं एवढं अप्रूप, की सर आत आले की आधी सगळे फळ्याकडेच बघायचे.

ही खोड तुला कुठून लागली ते तू मला सूक वाकिफच्या जुन्या बाजारात सांगितलंस. आपण धने आणि दगडफूल घ्यायला गेलो होतो, आणि तू ससाण्यांच्या दुकानासमोर जी उभी राहिलीस ती हलेचना. डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घातलेले ते पक्षी ओळीने बसलेले, आणि तू त्यांच्याकडे बघत बोलत होतीस. देवरूखजवळच्या शाळेत तुझं पहिलंच वर्ष, फळ्यावर तुझ्या हातून खरीच चूक झाली, आणि सगळ्या वर्गाने ती उतरवून घेतली. वह्या तपासताना एका मुलीच्या वहीत तुला खाडाखोड दिसली. "तिचं बरोबर होतं गो," तू म्हणालीस. "ते खोडलंन आणि माझं चुकीचं लिहिलंन. का, तर बाईंनी फळ्यावर लिहिलंय." तुझा आवाज बदलला होता. तेव्हापासून तू ठरवलंस की फळ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, हे पोरांना फळ्यानेच शिकवायचं. मी म्हणाले, ही गोष्ट चांगली आहे, पण आता धने घे. तू ससाण्याचा फोटो काढलास आणि म्हणालीस की याचं एक गणित करणार आहे मी.

तोपर्यंत आपलं कुठे बिनसत नव्हतं. बिनसलं ते कोरोनात शाळा घरात शिरली तेव्हा. तो काळ आठवला की मला अजून घाम फुटतो. तू पहिल्याच आठवड्यात टॅब्लेट, पेन, दिवा, काय काय घेऊन तयार झालीस. मी मात्र जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून अर्धा तास समीकरणं शिकवली, आणि मग एका मुलाने चॅटमध्ये लिहिलं की मॅम, तुम्ही म्यूटवर आहात. अर्धा तास ती पोरं सभ्यपणे माझ्या हलत्या ओठांकडे बघत बसली होती. तुला सांगितलं तर तू हसून हसून बेजार. "शक्यच नाही. परभणीचा आवाज आहे तुझा, म्यूटवर असला तरी दोह्यात ऐकू जाईल." मग रोज शाळा सुटली की तू फोनवर मला एकेक बटण शिकवलंस. माझ्यावर वैतागली नाहीस, मी तुझ्यावर वैतागले. ते दिवस तुझ्यामुळे निभावले, हे मी तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस.

आणि त्याच दिवसांत तू तुझे तास रेकॉर्ड करायला लागलीस, आणि प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये एक चोर सोडलास. तिथून आपलं जे जुंपलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

"वर्गात ठीक आहे," मी म्हणायचे. "वर्गात तू समोर असतीस. ज्याला चोर दिसला नाही त्याचं तोंड तुला दिसतंय. व्हिडिओत कोण बघायलंय? ते पोरगं चूक घेऊन घरी जाईल आणि परीक्षेत लिहील. काय करायलीस तू हे?"

"पडद्यावर तर जास्तच हवा गो चोर. फळ्यावरचं त्यांना अर्धं खरं वाटतं, पडद्यावरचं सगळंच खरं वाटतं. आणि मी पुढच्या तासाला विचारते ना."

"आणि तू नसलीस तर?"

"मी कुठे जात्ये?" असं म्हणून तू हॉर्न वाजवलास, करकवाल्याला बोटांनी दोन अशी खूण केलीस, आणि विषय खलास. मी नोकरी बदलण्याबद्दल बोलत होते, उज्ज्वला. दुसरं काही माझ्या मनातही नव्हतं.

एकदा मात्र वादात तू जिंकलीस. दहावी ब च्या सगळ्या वर्गाने गृहपाठात एकच चूक केली होती, त्याच पायरीवर, त्याच शब्दांत. गणिताचा फोटो काढायचा, फोनने सोडवून द्यायचं, पोरांनी उतरवायचं. त्या दिवशी फोनच चुकला होता. मी म्हटलं, सगळ्यांना शून्य द्या, फोन जप्त करा, पालकांना बोलवा. तू काय केलंस? ते फोनचं उत्तर मोठं करून स्मार्टबोर्डवर लावलंस, हाताची घडी घालून बाजूला उभी राहिलीस आणि म्हणालीस, "हा चोर मी सोडलेला नाही. शोधा." स्वतःच्याच वहीतली चूक शोधताना त्या पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती, असं तू सांगितलंस. परत येताना तू कधी नव्हे ती हळू गाडी चालवत होतीस. "शुभदा, उत्तर काढून देणं हे आपलं काम राहिलं नाही आता. उत्तर त्यांच्या खिशात आहे. खिशातून काढलेल्या उत्तराला 'थांब जरा' म्हणायला शिकवणं, एवढंच आपल्याकडे उरलंय. आणि ते पुष्कळ आहे." मला पटलं होतं, पण परभणीची माणसं पटलेलं लगेच सांगत नाहीत.

मग तुझं आजारपण आलं. उपचार चालू असताना तुझ्या वर्गावर नवीन शिक्षिका आली. चांगली मुलगी, तयार स्लाइड घेऊन यायची, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. तू घरी बसून चुळबुळत होतीस. उंची आणि अंतरं हा धडा मीच शिकवणार, म्हणून हट्ट धरलास आणि डोक्याला स्कार्फ बांधून हॉलमध्ये टॅब्लेटसमोर बसलीस. सूकमधल्या फोटोतला ससाणा अखेर गणितात आला, दिव्याच्या उंच खांबावर जाऊन बसला. तुझे विनायकराव सांगत होते, की एका दमात रेकॉर्ड केलंस, मग पाणी मागितलंस आणि म्हणालीस, "झालं एकदाचं."

तो तुझा शेवटचा तास. विनायकराव तुला देवरूखला घेऊन गेले. मला रजा मिळाली नाही, परीक्षा चालू होत्या. तुझं अंत्यदर्शन मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात मोबाईलवर घेतलं, माझ्या मागे थॉमस सर आणि तुझ्या वर्गावरची ती नवीन शिक्षिका उभी. मध्येच नेट अडकलं आणि तुझा चेहरा पडद्यावर तसाच थांबून राहिला, बराच वेळ. पडद्याला मी आयुष्यभर शिव्या दिल्या. त्या दिवशी तो अडकला म्हणून मी त्याचे उपकार मानले.

तर आता केबिनमधली गोष्ट. शाळेने या वर्षी एक नवा प्रोग्रॅम घेतला आहे. तो सगळे रेकॉर्ड केलेले तास बघतो, चूक दिसेल तिथे लाल खूण करतो, आणि सांगितलं तर ती दुरुस्तही करून देतो. दुरुस्त म्हणजे कसं, तर त्याच शिक्षकाच्या अक्षरात आणि त्याच शिक्षकाच्या आवाजात. तुझ्या तासांवर नुसत्या लाल खुणा झाल्या होत्या. प्रिन्सिपल मॅडम काही वाईट बोलत नव्हत्या, हे तुला सांगायला हवं. तुझ्या शोकसभेत त्यांना भाषण पूर्ण करता आलं नव्हतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पालक हे तास घरी बघतात, तपासणीला येणारे लोक बघतील, शाळेच्या नावाखाली चुकीचं गणित दिसतं. आणि आवाज तर तिचाच राहणार आहे, शुभदा, हा तिचा सन्मानच नाही का?

त्यांनी मला नमुना ऐकवला. उज्ज्वला, आवाज तुझाच होता. तोच थोडा नाकातला, देवरूखचा, इंग्रजी बोलतानाही हेल काढणारा. तो आवाज न अडखळता, न थांबता, पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर सांगत होता. त्यात खोडी नव्हती. चूक लिहिताना तुझ्या आवाजात जो एक दाबलेला आनंद असायचा, तो पोरांना ओळखू यायचा आणि मलाही भिंतीपलीकडून ओळखू यायचा. तो कुठे गेला? मी म्हणाले, बंद करा.

"पण या चुकांविरुद्ध तुम्हीच तर मला मेल केला होता," मॅडम म्हणाल्या. खरंच होतं. मी केला होता आणि तुला दाखवूनच केला होता. तू त्यातली इंग्रजीची एक चूक काढून दिली होतीस.

मी सांगितलं, की माझं मत बदललेलं नाही. ही चूक एकट्या पोराच्या हाती पडू नये असं मला अजूनही वाटतं. पण चूक पोराच्या हाती एकटी पडू नये म्हणून चूकच पुसून टाकायची, हा उपाय नव्हे. मी एक तास मागितला. म्हटलं, तुम्ही या, मागच्या बाकावर बसा. दहावी ब ला तिचा शेवटचा तास लावून दाखवते, कुणाला काही न सांगता. त्या मशीनने पकडलेला चोर पोरांनी पकडला, तर एकाही तासाला हात लावायचा नाही. नाही पकडला, तर मी स्वतः सही करते.

बोलून गेले, आणि बाहेर आल्यावर पस्तावले. कारण ती पोरं तुझी राहिली होती की नाही, मला कुठे माहीत होतं? अर्धं वर्ष त्यांनी बिनचूक स्लाइड बघितल्या होत्या. आणि तो शेवटचा तास मी घरी लावून पाहिला होता. त्यात तू दमली आहेस. शेवटी "चोर कुठाय" असं विचारलेलंच नाहीस. उत्तराखाली रेघ मारलीस, "ओके चिल्ड्रन" म्हणालीस आणि पडदा काळा झाला. पोरांना कुणी काही विचारणारच नव्हतं.

तास लावला. स्कार्फमधली तू पडद्यावर आलीस तसा वर्ग एकदम गप्प झाला. तू उभी आहेस, जमिनीपासून तुझे डोळे दीड मीटरवर आहेत, समोर वीस मीटरवर दिव्याचा खांब, खांबाच्या टोकावर ससाणा, आणि त्याच्याकडे बघताना कोन तीस अंशांचा. खांबाची उंची काढा. पायरीमागून पायरी तू लिहीत गेलीस. तिसाच्या जागी साठाची किंमत घातलीस, हा चोर, हा मला माहीत होता, लाल खूण त्याच्यावरच होती. पोरं मान खाली घालून उतरवून घेत होती. सगळी. रेघ, ओके चिल्ड्रन, काळा पडदा. कुणी हलेना. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मी मनात तुला म्हणाले, बघ, सांगत होते ना मी.

"मॅम, थोडा पीछे लीजिए."

नफीसा. कोझिकोडची, जिला गप्प बसवण्यात तुझा आणि माझा जन्म गेला, ती. मी मागे घेतलं. तिने वहीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "अँगल तो थर्टी है. फॉर्टी-फाइव्ह से कम. तो खंभे की हाइट डिस्टन्स से ज़्यादा कैसे आ गई?" आणि मग तिचं वाक्य पुरं होण्याआधीच मागून पुढून सगळीकडून गलका झाला. "चोर! चोर, मिस, चोर!" मला ते मॅम म्हणतात, उज्ज्वला. मिस तुला म्हणायचे. ते मला उद्देशून ओरडतच नव्हते. नफीसा फळ्यापाशी आली, चुकीला हात न लावता शेजारी बरोबर किंमत लिहिली आणि कारण सांगितलं. मी मॅडमकडे पाहिलं, त्या हसत होत्या. मी जिंकले असं मला वाटलं, म्हणजे तू.

पण ईशा उभीच होती. आपल्या नाशिकच्या सोनवण्यांची ईशा, जिच्याशी तू मराठीत बोलायचीस आणि जी तुला इंग्रजीत उत्तर द्यायची.

"काय गं ईशा?"

"मॅम, देअर इज वन मोअर." ती थोडी घाबरली होती. "मिस सुरुवातीला म्हणाली ना..." एवढं मराठीत म्हणाली आणि पुन्हा इंग्रजीवर गेली. "हर आइज आर वन पॉइंट फाइव्ह मीटर्स फ्रॉम द ग्राउंड. शी नेव्हर अ‍ॅडेड इट. शी फरगॉट टू अ‍ॅड हरसेल्फ."

खरंच होतं. डोळ्यांच्या वरची उंची काढलीस, तीच खांबाची म्हणून खाली रेघ मारलीस. स्वतःची दीड मीटर त्यात मिळवलीच नाहीस. मी तो तास घरी दोनदा बघितला होता, मला दिसलं नव्हतं. मॅडमनी मांडीवरचा टॅब्लेट वर घेतला आणि बोटाने खालीवर करत राहिल्या. लाल खूण एकच होती. तू बोलून सांगितलेलं आणि मग न लिहिलेलं, ते मशीनलाही दिसलं नव्हतं.

"पण मिस तर एकच ठेवते," कुणीतरी हिंदीत म्हणालं. कुणी म्हणालं, मिस आजारी होती, चुकली असेल. कुणी म्हणालं, छे, शेवटचा म्हणून एक जास्तीचा सोडला असेल. दोन्ही बाजूंनी जोरात वाद सुरू झाला, आणि तो आपल्या गाडीतल्यासारखाच मिटेना. मी मध्ये पडले नाही. पोरांना माझा चेहरा दिसू नये म्हणून मी खिडकीचा पडदा नीट करत उभी राहिले.

तेव्हा मागच्या बाकावरून मॅडमनी विचारलं, की मग हे आपण दुरुस्त करून टाकू या का?

"नो मॅम!" नफीसा जवळजवळ किंचाळली. "फिर नेक्स्ट बॅच क्या ढूँढेगा?"

त्याच दुपारी मॅडमनी मला पुन्हा बोलावलं. तुझ्या एकाही तासाला हात लागणार नाही. तुझ्या आवाजात कुणीही काही बोलणार नाही. विनायकरावांना फोन लावून मी ते विचारूनही घेतलं होतं. ते म्हणाले, "ती आयुष्यात एकदा तरी पहिल्या फटक्यात बरोबर बोलली का? मग आता तिला तसं कशाला बोलायला लावता?" आणि फोनवर आम्ही दोघं हसलो. पण ऐक, माझंही मी सोडलेलं नाही. तुझे तास आता घरी एकट्याने बघता येणार नाहीत. वर्गात, शिक्षक समोर असतानाच लागतील, आणि सुरुवातीला लिहिलेलं असेल की यात एक चोर आहे. तुझं अर्धं, माझं अर्धं. तुला हे अजिबात आवडलं नसतं. "सुरुवातीलाच सांगितलंस तर मजा काय गो राहिली?" म्हणाली असतीस. म्हण. मी ऐकणार नाही. वाद चालूच आहे, आणि मी तो चालू ठेवणार आहे. पुढच्या वर्षी आणखी हुशार प्रोग्रॅम येतील, आणखी गोड आवाजात उत्तरं सांगतील. येऊ देत. त्यांना "थांब जरा" म्हणणारी पोरं या शाळेतून दर वर्षी बाहेर पडतील, हे मी बघेन. त्यासाठी मशीनशी गोडीने वागावं लागलं तर वागेन, भांडावं लागलं तर ते मला येतं.

एकच विचारायचं राहिलं. दुसरा तू सोडला होतास, की दमल्यामुळे निसटला? शेवटच्या तासावर "यात दोन आहेत" असं लिहायचं का, हे मॅडमनी मला विचारलं. मी म्हटलं, एकच लिहा.

आणि हेही तुला सांगायचं होतं. या रविवारी, आठवडा सुरू होताच, मी माझ्या वर्गात पहिल्यांदा चोर सोडला. इतक्या वर्षांत माझ्या फळ्यावर मुद्दाम चुकलेलं एक अक्षर नव्हतं. उण्याच्या जागी अधिक लिहिताना कान गरम झाले, वाटलं आता सगळे हसतील. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी नेमकं उतरवून घेतलं. मी वळले आणि विचारलं, "चोर कुठाय?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माझी गुणी पोरं. घंटा झाली तरी कुणाला सापडला नाही. मी सामान उचललं आणि तो फळ्यावर तसाच ठेवून बाहेर आले.

दारात थॉमस सर होते. तू गेल्यापासून ते वर्गात शिरताना फळ्याकडे बघत नव्हते, सरळ टेबलाकडे जायचे. त्या दिवशी दोन पावलं आत गेले आणि थांबले. बराच वेळ माझ्या अक्षराकडे बघत उभे राहिले. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं, टेबलावरचा मार्कर उचलला आणि चुकीच्या शेजारी कारण लिहायला लागले.